महानिराशा (१८४४)

महानिराशा हे नाव २२ ऑक्टोबर १८४४ रोजी अमेरिकेतील हजारो ख्रिस्ती श्रद्धावंतांच्या वाट्यास आलेल्या अपेक्षाभंगास इतिहासात रूढ झाले आहे. त्या दिवशी येशू ख्रिस्ताचे द्वितीयागमन होईल आणि प्रचलित युगाची समाप्ती होईल, अशी या लोकांची खात्री होती. शेतकरी व बॅप्टिस्ट उपदेशक विल्यम मिलर याने बायबलमधील दानीएलच्या पुस्तकावरून केलेली कालगणना या अपेक्षेच्या मुळाशी होती. म्हणून त्याच्या अनुयायांस ‘मिलरपंथीय’ म्हणतात. त्यांची संख्या सर्वसाधारणपणे ५०,००० ते १,००,००० मानली जाते. ठरलेला दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. त्यानंतर चळवळ विस्कळीत झाली, परंतु तिच्या अवशेषांतूनच सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चसह अनेक संप्रदाय उदयास आले. अंतकाळाची आशा आणि वर्तमानातील कर्तव्य यांचा मेळ कसा घालावा, या ख्रिस्ती धर्मविचारातील जुन्या प्रश्नाचे उदाहरण म्हणून या घटनेचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

ख्रिस्त पुन्हा येईल ही श्रद्धा ख्रिस्ती धर्माच्या प्रारंभापासूनची आहे. मात्र तो केव्हा येईल, याविषयी नव्या करारात दोन सूर एकाच वेळी ऐकू येतात. एकीकडे जागे राहण्याचा, सज्ज असण्याचा आग्रह आहे. दुसरीकडे तो दिवस व ती घटका पित्याखेरीज कोणासही ठाऊक नाही, असे मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत स्पष्ट म्हटले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आरंभी शिष्य राज्याच्या पुनःस्थापनेचा काळ विचारतात, तेव्हा तो जाणणे तुमचे काम नव्हे, असे सांगून येशू त्यांना साक्ष देण्याच्या कार्याकडे वळवतो.

या दोन सुरांतील ताण पहिल्या शतकातच प्रत्ययास आला. थेस्सलनीका येथील मंडळीत प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे, अशी अफवा पसरली होती आणि काही जण कामधंदा सोडून बसले होते. पौलाच्या नावे असलेल्या थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात या लोकांची कानउघाडणी केलेली आढळते. शांतपणे आपले काम करावे, स्वतः मिळवलेली भाकर खावी आणि सत्कर्म करताना थकू नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आळशी मंडळी कामाला का कंटाळली होती याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तथापि अंतकाळाची वाट पाहणाऱ्यानेही रोजचे काम सोडू नये, या मताला पुढील काळात या पत्राचाच आधार घेतला गेला.

त्यानंतरच्या शतकांत तारखा व स्थळे सांगणारे गट वेळोवेळी निर्माण झाले. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधील फ्रिजिया प्रांतात माँटानस आणि त्याच्या सहकारी स्त्रियांनी पेपुझा या गावी स्वर्गीय यरुशलेम अवतरेल, अशी अपेक्षा निर्माण केली. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने प्रकटीकरणाच्या पुस्तकातील सहस्र वर्षांच्या राज्याचा अर्थ प्रतीकात्मक लावला. ते राज्य म्हणजे चर्चचा चालू काळच होय, हे त्याचे मत पश्चिमेकडील चर्चमध्ये दीर्घकाळ प्रमाण ठरले. धर्मसुधारणेच्या काळात १५३४–३५ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर शहर कट्टर ॲनाबॅप्टिस्ट गटाच्या ताब्यात गेले. तेथे नवे यरुशलेम उभारण्याचा प्रयत्न झाला व त्याचा शेवट रक्तपातात झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ‘दुसरे महाजागरण’ म्हणून ओळखली जाणारी धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात प्रवचनांचे आणि मेळाव्यांचे इतके पेव फुटले, की त्या प्रदेशाला ‘होरपळलेला प्रदेश’ असे नाव पडले. दारूबंदी, गुलामगिरीचे निर्मूलन, शिक्षण यांसाठीच्या चळवळीही याच वातावरणात वाढल्या. मिलरच्या संदेशाला श्रोते मिळाले ते या भूमीत.

विल्यम मिलर

विल्यम मिलर याचा जन्म १५ फेब्रुवारी १७८२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे झाला. त्याचे बालपण न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्पटन येथे गेले. शालेय शिक्षण थोडे, परंतु वाचनाची आवड मोठी होती. विवाहानंतर व्हरमाँटमधील पोल्टनी येथे राहत असताना तो ईश्वरवादी मताकडे झुकला. विश्वाचा निर्माता आहे, पण तो मानवी व्यवहारात हस्तक्षेप करीत नाही, असे हे मत होते. १८१२ च्या इंग्लंडविरुद्धच्या युद्धात तो कॅप्टन होता. १८१४ मधील प्लॅट्सबर्गच्या लढाईत संख्येने आणि अनुभवाने वरचढ असलेल्या शत्रूचा पराभव झाला, तेव्हा ईश्वर खरोखरच अलिप्त आहे काय, अशी शंका त्याच्या मनात आली. मृत्यूनंतर काहीच नाही ही कल्पनाही त्याला असह्य होऊ लागली होती.

१८१६ मध्ये तो बॅप्टिस्ट श्रद्धेकडे परतला. बायबलवर श्रद्धा ठेवणे कसे समर्थनीय आहे, असे जुने ईश्वरवादी मित्र विचारू लागले. तेव्हा त्याने बायबल आणि क्रूडनचा शब्दकोश एवढ्याच साधनांनिशी वचनावर वचन ताडून पाहण्यास आरंभ केला. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर, १८१८ मध्ये, सुमारे २५ वर्षांत जगाचा अंत होईल, या निष्कर्षाप्रत तो आला. हा निष्कर्ष त्याने बराच काळ जाहीरपणे मांडला नाही. स्वतःच्या गणितावरील आक्षेप तो तपासत राहिला. ऑगस्ट १८३१ मध्ये जवळच्या ड्रेस्डेन गावातून बोलावणे आल्यावर त्याने पहिले प्रवचन दिले.

कालगणना

मिलरच्या गणनेचा मुख्य आधार दानीएलच्या आठव्या अध्यायातील १४ वे वचन हा होता. २,३०० संध्याकाळ-सकाळ लोटल्यावर पवित्रस्थानाची शुद्धी होईल, असे त्यात म्हटले आहे. गणना व यहेज्केल या पुस्तकांतील उल्लेखांवरून भविष्यकथनातील एक दिवस म्हणजे एक वर्ष, ही पद्धत प्रॉटेस्टंट भाष्यकारांत पूर्वीपासून प्रचलित होती. मिलरने तीच स्वीकारली. ‘पवित्रस्थान’ म्हणजे पृथ्वी अथवा चर्च आणि त्याची ‘शुद्धी’ म्हणजे ख्रिस्ताच्या आगमनसमयी अग्नीने होणारे शुद्धीकरण, असा अर्थ त्याने लावला.

आरंभबिंदू म्हणून त्याने पारसिक राजा अर्तहशश्त याने यरुशलेमविषयी काढलेली, इ.स.पू. ४५७ ची आज्ञा धरली. दानीएलच्या नवव्या अध्यायातील ७० सप्तके, म्हणजे ४९० वर्षे, तेथून मोजली की इ.स. ३३, ख्रिस्ताच्या मृत्यूचे मानलेले वर्ष, येते. उरलेली १,८१० वर्षे त्यात मिळवली की १८४३ हे वर्ष निघते. दोन वेगवेगळ्या भाकितांचा असा मेळ बसल्यामुळे श्रोत्यांना ही मांडणी विशेष पटत असे.

आधुनिक चिकित्सक अभ्यासकांपैकी बहुतेकांच्या मते हे वचन इ.स.पू. दुसऱ्या शतकातील घटनांशी निगडित आहे. सेल्युसिड राजा चौथा अँटायोकस याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि इ.स.पू. १६४ मध्ये त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. संध्याकाळ व सकाळ स्वतंत्र मोजल्यास २,३०० ही संख्या १,१५० दिवसांची ठरते, असे यांपैकी अनेक अभ्यासक दाखवून देतात.

चळवळीचा प्रसार

पहिली काही वर्षे मिलर खेडोपाडी आणि लहान गावांत बोलत असे. १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे उत्तर अमेरिकेत दिसलेला प्रचंड उल्कावर्षाव आणि त्याआधी १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडमध्ये भरदिवसा पडलेला अंधार या घटना मिलरपंथीयांनी अंतकाळाची चिन्हे म्हणून सांगितल्या.

१८३९ मध्ये बॉस्टनमधील चार्डन स्ट्रीट चॅपेलचा पाळक जोशुआ हाइम्स याची मिलरशी गाठ पडली, आणि चळवळीचे स्वरूप पालटले. हाइम्स गुलामगिरीविरोधी चळवळीत मुरलेला कुशल संघटक होता. त्याने १८४० मध्ये बॉस्टन येथून ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ आणि १८४२ मध्ये न्यूयॉर्क येथून ‘द मिडनाइट क्राय’ ही नियतकालिके सुरू केली. १८४२ मध्येच चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनी दानीएल व प्रकटीकरण यांतील प्राणी, मूर्ती आणि वर्षसंख्या दाखविणारा एक मोठा तक्ता तयार केला. त्याच्या ३०० प्रती शिलामुद्रणाने छापून प्रवचनकारांना देण्यात आल्या. उघड्यावरील मेळाव्यांसाठी सुमारे ४,००० माणसे मावतील असा तंबूही करवून घेण्यात आला.

चळवळीत बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा विविध पंथांचे लोक होते. नवा पंथ काढण्याचा मिलरचा हेतू नव्हता. तथापि मूळ चर्चमधून विरोध वाढू लागला, काहींचे सदस्यत्व रद्द झाले, आणि १८४३ मध्ये फिचने प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडण्याची हाक दिली. त्यामुळे दुरावा पक्का झाला.

तारखेची निश्चिती

मिलरने प्रारंभी नेमका दिवस सांगण्याचे टाळले होते. आग्रह झाल्यावर त्याने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या ज्यू वर्षाची मुदत सांगितली. ती उलटल्यावर कराईट ज्यू पंचांगानुसार १८ एप्रिल १८४४ पर्यंत वाट पाहण्यात आली. तोही दिवस गेला. मिलरने आपली चूक मोकळेपणाने मान्य केली, पण आगमन जवळ आले आहे हा विश्वास सोडला नाही. वराला उशीर झाला आणि दहाही कुमारिका पेंगल्या, या मत्तयाच्या शुभवर्तमानातील दाखल्यात अनुयायांना आपल्याच अवस्थेचे चित्र दिसले.

ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एक्झिटर येथील मेळाव्यात सॅम्युअल स्नो याने नवी मांडणी केली. इ.स.पू. आणि इ.स. यांच्यामध्ये शून्य वर्ष नसल्याने मुदत १८४४ मध्ये पुरी होते, हे आधीच ध्यानात आले होते. मोशेच्या नियमशास्त्रातील वसंत ऋतूचे सण ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनात पूर्ण झाले, त्याअर्थी शरद ऋतूतील सण दुसऱ्या आगमनात पूर्ण होतील, असा स्नोचा तर्क होता. पवित्रस्थानाची शुद्धी ज्या दिवशी होत असे तो प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याची दशमी, कराईट गणनेने २२ ऑक्टोबर रोजी येत होता. हा विचार वणव्यासारखा पसरला. ज्येष्ठ नेते मागे राहिले. मिलर आणि हाइम्स यांनी ही तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीस, म्हणजे जेमतेम दोन-अडीच आठवडे आधी स्वीकारली.

२२ ऑक्टोबर १८४४

शेवटच्या आठवड्यांत अनेकांनी कर्जे फेडली, जुनी भांडणे मिटवली, घेतलेल्या वस्तू परत केल्या. काहींनी दुकाने बंद केली, काहींनी उभी पिके शेतातच राहू दिली. न्यू हॅम्पशायरमधील एका शेतकऱ्याने बटाटे काढले नाहीत. पुढे त्या भागातील साठवलेले बटाटे रोगाने कुजले, मात्र त्याचे जमिनीतले पीक उशिरा निघून चांगल्या भावाने विकले गेले, अशी कथा ॲडव्हेंटिस्ट परंपरेत सांगितली जाते. सर्वांचेच असे सुदैव नव्हते. चार्ल्स फिच ठरलेल्या दिवसाच्या आठ दिवस आधी बफेलो येथे आजाराने मरण पावला.

२२ ऑक्टोबर रोजी लोक घरांत व सभागृहांत जमून प्रार्थना करीत राहिले. मध्यरात्र झाली, पहाट झाली. न्यूयॉर्क राज्यातील पोर्ट गिब्सन येथील हायरम एडसन याने नंतर लिहिलेल्या आठवणींत सर्व जण उजाडेपर्यंत रडत होते, असे नमूद केले आहे. बायबलच खोटे आहे काय, ईश्वर आहे की नाही, असे प्रश्न त्या रात्री आपल्या मनात उभे राहिल्याचेही तो सांगतो.

पुढील दिवस उपहासाचे होते. रस्त्यात गाठून अजून वर गेला नाहीत काय, असे विचारणारे शेजारी होते. काही ठिकाणी जमावाने सभांवर हल्ले केले. घरात धान्य नसलेल्या कुटुंबांची स्थिती सर्वांत बिकट होती. हाइम्सने लगेचच अशा गरजूंसाठी गावोगावी समित्या नेमून मदत पोचविण्याचे आवाहन आपल्या पत्रातून केले.

दंतकथा आणि वस्तुस्थिती

मिलरपंथीय पांढरे झगे घालून टेकड्यांवर आणि छपरांवर जाऊन बसले होते, ही गोष्ट लोकप्रिय झाली. १९२४ मध्ये क्लेरा एंडिकॉट सिअर्स हिच्या पुस्तकाने तिला आणखी प्रसिद्धी दिली. ॲडव्हेंटिस्ट लेखक फ्रान्सिस निकॉल याने १९४४ मध्ये समकालीन कागदपत्रे तपासून झग्यांच्या कथेला विश्वसनीय पुरावा नसल्याचे दाखवले. निकॉलचा दृष्टिकोन बचावाचा असला, तरी या मुद्द्यावर पुढील इतिहासकारांचे मत बव्हंशी त्याच्याशी जुळणारे आहे. मिलरच्या शिकवणीमुळे वेड्यांची इस्पितळे भरली, हा आरोपही तत्कालीन वृत्तपत्रांत वारंवार आढळतो. काही रुग्णांच्या दाखलपत्रांत हे कारण नोंदलेले आहे, परंतु अशा नोंदींतून श्रद्धा हे आजाराचे कारण होते की लक्षण, हे ठरविता येत नाही.

परिणाम

नोव्हेंबर १८४४ मध्ये मिलरने हाइम्सला पत्र लिहिले. यापुढे आपण मनाशी धरलेला दिवस म्हणजे ‘आज’ होय आणि प्रभू येईपर्यंत प्रत्येक दिवशी तो ‘आज’च राहील, असे त्याचे म्हणणे होते. १८४५ च्या सुरुवातीस त्याच्या स्वतःच्या बॅप्टिस्ट मंडळीने त्याला दूर केले. त्याने नव्या तारखा सुचविणाऱ्यांना साथ दिली नाही. २० डिसेंबर १८४९ रोजी लो हॅम्पटन येथे त्याचे निधन झाले.

अनुयायांचे स्थूलमानाने चार मार्ग झाले. पुष्कळांनी श्रद्धाच सोडली अथवा ते जुन्या चर्चमध्ये परतले. काही जण नव्या तारखा काढत राहिले. एप्रिल १८४५ मध्ये ऑल्बनी येथे भरलेल्या परिषदेत मिलर व हाइम्स यांच्याभोवतीचा मध्यममार्गी गट एकत्र आला. या प्रवाहातून पुढे १८६० मध्ये ॲडव्हेंट ख्रिश्चन चर्च निर्माण झाले. चौथ्या, संख्येने लहान गटाने तारीख बरोबर होती, पण घटनेचा अर्थ चुकला, अशी भूमिका घेतली. पवित्रस्थान पृथ्वीवर नसून स्वर्गात आहे आणि २२ ऑक्टोबर रोजी ख्रिस्ताने तेथील सेवेचा अंतिम टप्पा सुरू केला, हा विचार एडसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडला. टीकाकारांच्या दृष्टीने ही भाकीत फसल्यानंतरची सारवासारव होय. या परंपरेत मात्र तो मूलभूत सिद्धांत आहे.

या गटाने जोसेफ बेट्सच्या प्रभावाने शनिवार हा शब्बाथ मानला आणि एलेन हार्मन (विवाहानंतर व्हाइट) हिच्या दृष्टान्तांना मार्गदर्शक ठरविले. आरंभी जगासाठी तारणाचे दार बंद झाले आहे अशी त्यांची समजूत होती. ती सोडल्यानंतरच त्यांचे कार्य बाहेरच्या लोकांपर्यंत पोचू लागले. मे १८६३ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. तीनच वर्षांत तेथे आरोग्यसंस्था निघाली, १८७४ मध्ये महाविद्यालय निघाले. जगाच्या अंताची वाट पाहणाऱ्या लोकांनी दीर्घकाळ टिकणारी इस्पितळे व शाळा उभारल्या, हा विरोधाभास अभ्यासकांनी वारंवार नोंदवला आहे. संप्रदायाने आगमनाची आशा नावातच जपली, पण नवी तारीख ठरविण्यास एलेन व्हाइटने विरोध केला.

महाराष्ट्राशी संबंध

या परंपरेचा महाराष्ट्राशी संबंध मुख्यतः शिक्षण व प्रकाशन यांच्याद्वारे आला. १९१५ मध्ये दक्षिण भारतात सुरू झालेली आणि पुढे विल्यम स्पायसर याच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली ॲडव्हेंटिस्ट शिक्षणसंस्था १९४२ मध्ये पुण्यात आली. ती आज औंध येथील स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. पुण्यातील सॅलिसबरी पार्क भागात संप्रदायाची ओरिएंटल वॉचमन ही प्रकाशनसंस्था आहे.

मूल्यमापन

सामाजिक मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाकितभंगाविषयीच्या ग्रंथात मिलरपंथीयांचे उदाहरण दिले आहे. श्रद्धेसाठी मोठी किंमत मोजलेली माणसे विरोधी पुरावा समोर आल्यावर श्रद्धा सोडण्याऐवजी तिची नव्याने मांडणी करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या सिद्धांतावर नंतर आक्षेपही घेतले गेले.

धर्मशास्त्रीय चर्चेत या घटनेवरून दोन वेगळे बोध काढले जातात. एका मतानुसार दोष गणिताचा नसून गणित करण्याच्या वृत्तीचा होता; काळ जाणण्याचा मोह हा वर्तमानातील आज्ञापालनापासून पळ काढण्याचाच एक प्रकार ठरतो. या मताचे समर्थक १७८० च्या काळोख्या दिवसाची आठवण देतात. त्या दिवशी कनेक्टिकटच्या विधिमंडळातील सदस्य घाबरून सभा तहकूब करण्याच्या विचारात होते. एब्राहम डेव्हनपोर्ट याने त्यास नकार दिला. न्यायाचा दिवस आला नसेल तर सभा थांबविण्याचे कारण नाही आणि आला असेल तर आपण कर्तव्य करताना सापडलेले बरे, असे सांगून त्याने मेणबत्त्या मागविल्या. उद्या जग बुडणार असले तरी आज सफरचंदाचे झाड लावण्याविषयीचे मार्टिन ल्यूथरच्या नावे सांगितले जाणारे वचनही याच अर्थाने उद्धृत होते. मात्र ते ल्यूथरच्या लिखाणात सापडत नाही; त्याचा प्रसार विसाव्या शतकाच्या मध्यापासून झालेला दिसतो.

दुसऱ्या मतानुसार अंतकाळाची आशा हीच वर्तमानातील निष्ठेचे बळ असते. ती पूर्णपणे गाळल्यास अन्याय सोसणाऱ्यांच्या हाती काही उरत नाही. या दृष्टीने पाहता, २२ ऑक्टोबरपूर्वी फेडलेली कर्जे व मिटवलेली भांडणे आणि त्यानंतर उपाशी कुटुंबांसाठी मागितलेली मदत हे त्याच श्रद्धेचे फळ ठरते. मत्तयाच्या शुभवर्तमानात दहा कुमारिकांच्या दाखल्यानंतर लगेच रुपयांचा दाखला आणि त्यापाठोपाठ भुकेल्यांना अन्न देणाऱ्यांच्या न्यायाचे चित्र येते. सज्ज असणे म्हणजे काय याचे उत्तर या क्रमातच आहे, असे दोन्ही मतांचे भाष्यकार मानतात.